पावडर खाऊन पळता येतं का?

मराठी विभागाची एडिटर माझी क्लासमेट आहे. "तू रिले टीममध्ये आहेस ना, मग स्पोर्ट्सवर काहीतरी लिही, आणि मराठीतच लिही," असं ती म्हणाली तेव्हा मी आधी हसले. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये होते, मराठी ही आमची थर्ड लँग्वेज, आणि एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९ हे मला अजूनही मनात मोजावं लागतं. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषयही पोटाचाच आहे.

आमच्या ४×४०० रिलेत मी तिसरी पळते आणि माझी रूम पार्टनर शेवटची. ती माणदेशातली. त्या भागात पळणाऱ्या प्रत्येक मुलीला लहानपणापासून ललिता बाबरचं नाव ऐकवतात, तसं हिलाही ऐकवलं. फर्स्ट इयरला तिचा ४०० मीटरचा टाइम ६४ सेकंद होता. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तोच ६८ वर गेला. जिना चढताना दम लागायचा, प्रॅक्टिसनंतर दोन दोन दिवस पाय जड असायचे. जिमच्या ट्रेनरने तिला सांगितलं, "तुझी रिकव्हरी होत नाहीये, प्रोटीन कमी पडतंय." आणि एक मोठा काळा डबा दाखवला. किंमत साधारण तीन हजार. घरी बाबांना तिने सांगितलं की प्रोजेक्टच्या मटेरियलसाठी पैसे हवेत. डबा आला त्या रात्री ती मला म्हणाली, "अगं, खोटं बोलले मी. आता टाइम आला नाही तर काय तोंड दाखवू?"

हे ऐकल्यावर मी जे वाचायला घेतलं त्याचा हा लेख. आधीच सांगते, मी केमिकलची स्टुडंट आहे, डॉक्टर नाही.

पहिला प्रश्न साधा होता. त्या डब्यातलं प्रोटीन खरंच काम करतं का? उत्तर आहे, करतं, पण किती ते ऐका. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १८६३ माणसं होती. सगळे वेट ट्रेनिंग करत होते. ज्यांनी जादा प्रोटीन घेतलं त्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन इतरांपेक्षा सरासरी ०.३ किलो जास्त वाढलं. तीनशे ग्रॅम! आणि रोज वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पोटात गेल्यावर पुढे आणखी खाऊन फायदा दिसला नाही. पार्टनरचं वजन ५० किलो. म्हणजे ८० ग्रॅम.

आता ८० ग्रॅम कुठून आणायचे? तिच्या घरी सगळे माळकरी, अंडं वर्ज्य. आम्ही वहीत हिशेब मांडला. अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे म्हणजे ५० ग्रॅमला १२, तेवढेच फुटाणे १०, कोरडे ३० ग्रॅम सोयाबीनचे वडे १५, चार पोळ्या १२, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण १२. झाले ७७. घट्ट वरण असं मुद्दाम लिहिलंय, कारण आमच्या मेसच्या वरणात डाळ शोधायला मायक्रोस्कोप लागतो. पण मुद्दा कळला असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूचना काढल्या, त्यातही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. ज्याला खरोखर जेवणातून जमत नाही त्याने पावडर घेतली तर ती दुधाचीच पावडर आहे, विष नाही. फक्त ती जादूही नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग मी डब्यावरचं लेबल वाचलं आणि फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवली.

जेल्डाल मेथड आठवते का? कोळशातला नायट्रोजन काढायला आपण शिकलो होतो. कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सॅम्पल उकळायचं, नायट्रोजनचं अमोनियम सल्फेट होतं, मग अल्कली घालून अमोनिया काढायचा, ॲसिडमध्ये पकडायचा आणि टायट्रेशन करायचं. व्हायवाला पाठ केलं आणि विसरलो. खाद्यपदार्थातलं प्रोटीनही याच मेथडने मोजतात. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन आलं. पण यात मेख अशी की टायट्रेशनला नायट्रोजन दिसतो, प्रोटीन दिसत नाही! ग्लायसीन नावाचं स्वस्त अमिनो ॲसिड घ्या. त्यात नायट्रोजन १८.७ टक्के. म्हणजे १० ग्रॅम ग्लायसीन ओतलं की कागदावर ११.७ ग्रॅम प्रोटीन दिसणार. चीनमध्ये २००८ मध्ये दुधाचा जो भयंकर घोटाळा झाला, तो याच हिशेबावर. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं, त्यात तर ६७ टक्के नायट्रोजन. रीडिंग उत्तम आलं, आणि सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली.

आपल्याकडची पावडर तशी असते असं मी म्हणत नाही. पण २०२४ मध्ये 'मेडिसिन' या जर्नलमध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी छापून आली. त्यातल्या २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींमध्ये बुरशीचं विष, काहींमध्ये कीटकनाशकाचे अंश सापडले. आपल्या लॅबमध्ये जर्नलमधलं रीडिंग आणि ग्राफ जुळला नाही तर सर अख्खं पान परत लिहायला लावतात. असो.

मग काहीच चालत नाही का? तसंही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये जगभरचे तज्ज्ञ बसवून सप्लिमेंट्सवर एक निवेदन काढलं. शेकडो प्रॉडक्ट्सपैकी खेळातली कामगिरी थेट वाढवतात असा चांगला पुरावा ज्यांच्यामागे आहे ती नावं एका हाताच्या बोटांवर मावतात. कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलनीन आणि सोडियम बायकार्बोनेट. यातलं प्रत्येक ठरावीक कामापुरतंच चालतं आणि फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपासचा.

कॅफीनचं सांगते. वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम, पळण्याआधी साधारण तासभर. माझं वजन ५४, म्हणजे १६२ मिलिग्रॅम, दोन-तीन कप कॉफी. २००४ पर्यंत कॅफीनचं प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं तर ते डोपिंग धरत, आता ते बंदीच्या यादीत नाही. क्रिएटिन म्हणजे स्नायूंमधली छोटी बॅटरी. पहिले काही सेकंद पूर्ण ताकदीने पळताना जे एटीपी खर्च होतं ते लगेच भरून काढायला ते मदत करतं. पुन्हा पुन्हा छोटे स्प्रिंट मारणाऱ्यांना, वजन उचलणाऱ्यांना त्याचा उपयोग, आणि शाकाहारी लोकांच्या स्नायूंत ते मुळातच कमी असल्यामुळे त्यांना फरक जरा जास्त. पण त्याबरोबर स्नायूंत पाणी साठतं आणि वजन किलोभर वाढू शकतं. ते किलोभर वजन घेऊन ४०० मीटर पळायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. नायट्रेट म्हणजे बीट. तोंडातले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि मग कामाला कमी ऑक्सिजन पुरतो. गंमत म्हणजे बीटाचा रस पिऊन माउथवॉशने चूळ भरली की बॅक्टेरिया मरतात आणि रस फुकट जातो!

सोडियम बायकार्बोनेट म्हणजे खाण्याचा सोडा. हे वाचल्यावर मला राहवलं नाही. जोरात ४०० मीटर पळताना स्नायूंमध्ये हायड्रोजन आयन साचतात, पाय पेटतात. रक्तात बायकार्बोनेट वाढलं की ते आयन बाहेर ओढले जातात. बफर सोल्युशन! थिअरी इतकी सुंदर आहे की मी किलोमागे ०.३ ग्रॅमचा डोस काढला, १६.२ ग्रॅम, लॅबच्या काट्यावर मोजला आणि एक तांब्या पाण्यातून प्यायले. तीन चमच्यांहून जास्त सोडा होतो तो. पुढचा दीड तास मी ग्राउंडवर नव्हते. कुठे होते ते लिहीत नाही. बायकार्बोनेटचा हा साइड इफेक्ट पेपरमध्येही दिलेला होता, मी फक्त टेबल वाचलं होतं. कृपया कोणी करू नका, त्यात सोडियम इतकं असतं की ब्लड प्रेशरवाल्यांना तर ते धोक्याचंच.

बीसीएए नावाचे रंगीत पाणी पिणारे बरेच दिसतात, त्यांच्यासाठी एकच वाक्य. शरीराला बाहेरून नऊ अमिनो ॲसिड्स लागतात, त्या बाटलीत तीन असतात. सिव्हिलच्या मित्रांनो, नुसतं सिमेंट ओतून स्लॅब होतो का ते तुम्हीच सांगा. आणि रिकव्हरीसाठी व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी २००९ चा एक जर्मन प्रयोग आहे. चार आठवडे व्यायाम करणाऱ्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं, तर इन्शुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देऊ लागतं हा व्यायामाचा जो फायदा, तोच या लोकांत दिसला नाही. व्यायामाने शरीरावर जो ताण येतो तो ओळखूनच शरीर सुधारतं. तो ताणच पुसून टाकला तर सुधारायचं कशावरून?

आता मला सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट. आम्ही रिलेवाल्या, म्हणून ती जास्तच लागली. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ गेम्समध्ये भारताच्या मुलींनी ४×४०० रिलेचं गोल्ड जिंकलं. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अकुंजी, मनदीप कौर. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्येही रिलेचं गोल्ड, आणि अश्विनीला हर्डल्सचंही. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, यांच्यापैकी तिघींसह सहा धावपटू डोप टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आल्या. मुलींचं म्हणणं होतं की युक्रेनियन कोच युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या, चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांत स्टेरॉइड होतं. नाडाच्या पॅनेलने ते बऱ्याच अंशी मानलं आणि दोनऐवजी एकच वर्षाची बंदी घातली. पण जागतिक फेडरेशन अपिलात गेलं आणि क्रीडा लवादाने जुलै २०१२ मध्ये बंदी दोन वर्षांची केली. गोळीत काय आहे हे पाहायची जबाबदारी शेवटी गिळणाऱ्याची! लंडन ऑलिंपिक गेलं ते गेलंच.

ही भीती काल्पनिक नाही. कोलोनच्या डोपिंग लॅबने १३ देशांतून घेतलेली ६३४ साधी, हार्मोन नसलेली सप्लिमेंट्स तपासली होती, २००४ मध्ये निकाल छापला. ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइड्स निघाली. एकाच मिक्सरमध्ये आधी एक माल आणि नंतर दुसरा, मधे धुणं नीट नाही, एवढंही पुरतं. आणि टेस्ट इतकी सूक्ष्म की कण सापडला तरी पॉझिटिव्ह. २०२२ मध्ये भारतातल्या ३८६५ नमुन्यांपैकी १२५ पॉझिटिव्ह आले होते, ३.२ टक्के. पार्टनरचं स्वप्न युनिव्हर्सिटी टीमचं. तिथे नाडावाले कधीही बाटली हातात देऊ शकतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती नुसती डब्याकडे बघत बसली.

मग म्हणाली, "पण पहिल्या आठवड्यात मला खरंच बरं वाटलं गं."

तिचं बरं वाटणं खोटं नव्हतं. १९७२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. वेट लिफ्टिंग करणाऱ्या मुलांना डायनाबॉल देतोय असं सांगून साध्या गोळ्या दिल्या. त्यांची वजनं आधीपेक्षा जास्त झपाट्याने वाढली! डायनाबॉल म्हणजे मेथँडिनोन, जिनसेंगच्या प्रकरणातही हेच नाव आलं होतं. गोळीत नव्हतं तरी चाललं, आणि गोळीत होतं तेव्हा करिअर गेलं.

पण पहिला आठवडा सरल्यावर तिचे पाय परत जड झाले. तेव्हा मात्र मला वाटायला लागलं की आपण सगळे उत्तर आधी घेऊन बसलोय आणि गणित कोणी वाचलंच नाहीये. तिला काय कमी पडतंय हे कुणी मोजलंच नव्हतं. सरकारी हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टर बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि सरळ रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया. फेरिटिन, म्हणजे शरीरातलं लोहाचं गोडाऊन, फक्त ६.

ऑक्सिजन वाहून नेणारे ट्रकच कमी, आणि आम्ही तिला विटा पुरवत होतो. जिमच्या ट्रेनरने नाडीसुद्धा बघितली नव्हती. हे कॉलेज मॅगझिन सरही वाचतात हे मला माहीत आहे, तरी लिहिते. तिला पाळीत खूप रक्तस्राव होतो, त्यात पळताना पाय जमिनीवर आपटून काही तांबड्या पेशी फुटतात, आणि मेसच्या नाश्त्याबरोबर रोज दोन कप चहा, जो जेवणातलं लोह शोषू देत नाही. ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया निघाला. म्हणजे आमच्या चौघींच्या रिलेत हिशेबाने दोघी. आम्ही बाकीच्या तिघींनीही तपासलं. एकीचं ११.१ निघालं.

लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. हे पण सप्लिमेंटच, आणि ज्याला लोह कमी आहे त्याच्या पळण्यात यानेच फरक पडतो. पण ज्याला कमी नाही त्याने घेतल्या तर वेग वाढत नाही, उलट जादा लोह शरीरात साठून त्रास देतं. म्हणून आधी रिपोर्ट, मग गोळी, आणि तीही डॉक्टरने सांगेल तितकीच. पार्टनरने चहा जेवणापासून लांब नेला, उसळीवर लिंबू पिळायला लागली, कारण व्हिटॅमिन सी ने लोह जास्त शोषलं जातं.

त्याच सुमारास आमच्या रूमची लाइट अकराला बंद व्हायला लागली. २०११ मध्ये स्टॅनफर्डला बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच-सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. त्यांचा ठरावीक स्प्रिंटचा सरासरी टाइम १६.२ वरून १५.५ सेकंदांवर आला, बास्केटमध्ये बॉल जास्त पडायला लागले. एवढा फरक देणारी पावडर मला कुठे सापडली नाही. अर्थात सबमिशनच्या आठवड्यात दहा तास झोप म्हणजे केटीची खात्री. आम्ही साडेसातवर तडजोड केली.

डिसेंबरमध्ये तिचा दुसरा रिपोर्ट आला, ११.७. जानेवारीच्या ट्रायलला तिने ४०० मीटर ६३.६ मध्ये पूर्ण केलं. आता हे लोहामुळे, की झोपेमुळे, की तीन महिने नीट जेवल्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. एका सॅम्पलवरून निष्कर्ष काढला तर सर मार्क कापतील आणि योग्यच करतील. घरी गेल्यावर तिने बाबांना डब्याचं खरं सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, येताना पाच किलो शेंगदाणे बांधून दिले.

अर्धा उरलेला डबा अजून आमच्या कपाटावर आहे. त्याचं जेल्डाल करू का म्हणून मी केमिस्ट्रीच्या सरांना विचारायला गेले होते. ते म्हणाले, "आधी कोळशाचं रीडिंग नीट आण."